सर्व्हर भाड्याने घेताय? आधी आठवडाभर मोजून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जेल रोडवर जुना लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस तो उलटसुलट करून पाहतो, चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते बघतो, दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. तोच माणूस व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेताना मात्र ‘४ कोर, ८ जीबी रॅम, अमर्याद बँडविड्थ’ एवढी एक ओळ वाचतो आणि तीन वर्षांचे भाडे एकरकमी भरून मोकळा होतो. इंदुरातले दुकानदार, कोचिंग क्लास, दवाखाने, मंडळे आता आपापली वेबसाइट किंवा बिलिंग अशा सर्व्हरवर नेत आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट, ‘४ कोर’ म्हणजे चार कोर नव्हेत. बहुतेक ठिकाणी जाहिरातीतला एक कोर म्हणजे एक व्हीसीपीयू, म्हणजेच प्रोसेसरचा एक थ्रेड (कामाची एक रांग) असतो, आणि एका खऱ्या कोरचे असे दोन थ्रेड होतात. शिवाय तोच थ्रेड अनेक ग्राहकांना वाटून दिलेला असतो. वाडा एक, नळ एक आणि बिऱ्हाडे वाढवत नेलेली, असा हा कारभार. तुमच्या टाकीवर हजार लिटर लिहिलेले असले, तरी नर्मदेचे पाणी किती वेळ येते ते टाकी सांगत नाही. सर्व्हरवर मात्र ते मोजता येते. लिनक्सवर (अशा बहुतेक सर्व्हरांवरची ऑपरेटिंग सिस्टिम) ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा दिली की दर सेकंदाला एक ओळ उमटते. तिच्या शेवटाकडे ‘एसटी’ नावाचा रकाना असतो. तुमच्या सर्व्हरला काम करायचे होते, पण खालच्या यंत्राने पाळी दिली नाही, त्या वेळेची टक्केवारी तिथे दिसते. (ही एसटी म्हणजे लाल डब्याची गाडी नव्हे, पण वाट तितकीच पाहायला लावते.) एखाद-दुसरी उसळी चालते. रोज संध्याकाळी हा आकडा ५ च्या वर तासभर राहत असेल, तर शेजार दाट आहे असे समजावे. १० च्या वर गेला तर सामान हलवावे.

काही ठिकाणी हा आकडा ग्राहकाला दाखवतच नाहीत, तिथे तो कायम शून्य असतो. म्हणून ‘सिसबेंच’ हे फुकट साधन बसवून त्याची सीपीयू चाचणी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) दर तासाला दहा सेकंद चालवावी आणि निकाल, म्हणजे सेकंदाला किती गणिते झाली तो आकडा, फाइलीत साठवावा. सात दिवसांनी सगळ्यात मोठा आकडा बघू नये, सगळ्यात लहान बघावा. नव्याचे नऊ दिवस सगळीकडेच छान असतात. पहाटे चारला १००० आणि रात्री नऊला ५५० दाखवणाऱ्या सर्व्हरपेक्षा दिवसभर ८०० वर टिकणारा कधीही बरा, कारण तुमचे गिऱ्हाईक रात्री नऊलाच येणार आहे.

‘बर्स्टेबल’, म्हणजे एरवी थोडी आणि गरजेला थोडा वेळ जास्त ताकद देणारा, हा प्रकार आणखी वेगळा. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनच्या ‘टी-३ मायक्रो’मध्ये दोन व्हीसीपीयू दिसतात, पण सतत वापरायला प्रत्येकाची १० टक्केच ताकद मिळते. त्याहून जास्त लागली तर कमी वापराच्या वेळी साठलेल्या क्रेडिटमधून जाते. क्रेडिट संपले की सेटिंगप्रमाणे एकतर वेग पडतो, नाहीतर जादा बिल येते. दिवसातून चार वेळा जागी होणाऱ्या वेबसाइटला हे उत्तम. रात्रभर हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरला मुळीच नाही.

आता क्षमतेकडे वळू. इथे दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, आपल्याच अंदाजाचा असतो. भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंग क्लासचे उदाहरण घेऊ. वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेली वेबसाइट, २ जीबी रॅम, २ व्हीसीपीयू. २००० एमबीतले सुमारे ३५० ऑपरेटिंग सिस्टिम आणि किरकोळ सेवांना जातात. मारियाडीबी या डेटाबेसला ५०० धरा. फाइल कॅशसाठी, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, २५० मोकळे सोडा. उरले ९००. वर्डप्रेसची पाने बनवणारे एक पीएचपी प्रोसेस प्लगइननुसार (जोड-सुविधांनुसार) ४० ते ८० एमबी खाते, ६० धरले तर एका वेळी १५ प्रोसेस चालतील. ही प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या फाइलीत ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस, हा आकडा असतो, तो मुळात ५ असतो. साइट हळू झाली की कुणीतरी तो ५० करतो. पन्नास गुणिले साठ म्हणजे ३००० एमबी, तेही २००० च्या यंत्रावर. गर्दी होताच मेमरी संपते, लिनक्सचा ‘ओओएम किलर’ जागा होतो आणि सहसा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोसेसचा बळी घेतो. तो असतो डेटाबेस. पडद्यावर येते ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’, आणि होस्टिंग कंपनीला फोनवर शिव्या सुरू होतात. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींत, ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ सापडली तर भांडण थांबवावे, ‘मॅक्स चिल्ड्रन’चा आकडा थोडी मोकळीक ठेवून १२ वर आणावा आणि अडीअडचणीला १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवावी.

पण रॅम पुरली म्हणजे काम भागले असे नाही. आन्सर की लागल्या रात्री ३००० मुले पाच मिनिटांत आली आणि प्रत्येकाने चार पाने उघडली, तर १२,००० पाने भागिले ३०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ४० पाने. एका पानाला ०.२ सेकंद सीपीयू लागत असेल, तर दोन व्हीसीपीयू कागदावर सेकंदाला १० पाने देतात, प्रत्यक्षात सहा-सात. बाकीची मुले रांगेत राहतात, कंटाळून रिफ्रेश दाबतात, रांग आणखी वाढते. इथे रॅम २ ची ८ केली तरी ढिम्म फरक पडत नाही, कारण तुटवडा रॅमचा नाहीच. बरे, त्या एका रात्रीसाठी वर्षभर १६ व्हीसीपीयू पोसणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खरा उपाय स्वस्त आहे. आन्सर कीचे पान सगळ्यांना सारखेच दिसते, मग ते दर वेळी पीएचपीकडून नव्याने का बनवून घ्यायचे? एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या फास्टसीजीआय कॅशमध्ये (तयार पाने साठवायच्या जागेत) ते एक मिनिट जरी धरून ठेवले, तरी तोच २ जीबीचा सर्व्हर सेकंदाला शेकड्यांनी पाने वाटतो. लॉगिन केलेल्यांची पाने तेवढी कॅशमधून वगळावीत, नाहीतर एकाचे प्रोफाइल दुसऱ्याला दिसेल.

चाचणी घ्यायची तर ‘के-६’ किंवा ‘डब्ल्यूआरके’ हे खोटी गर्दी करणारे साधन तासावर घेतलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरून चालवावे. घरच्या वायफायवरून चालवले तर मोजला जातो तो तुमचा राउटर. कंपनीला आधी कळवावे, कारण तिच्या नजरेला हा हल्लाच दिसतो.

डिस्कचा वेग ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या आज्ञेने मोजून ‘सेकंदाला २ जीबी’ असे चित्र फिरवणारे पुष्कळ आहेत. ते बहुधा रॅमच्या कॅशचा वेग मोजत असतात. ‘फायो’ हे डिस्क-चाचणीचे साधन वापरावे: ४ केबीचे तुकडे, विखुरलेले वाचन-लेखन, ‘डायरेक्ट’ चालू (म्हणजे रॅमची कॅश टाळून), निदान दहा मिनिटे. पहिल्या मिनिटातला वेग पुढे निम्म्यावर आला, तर कंपनीने आयओपीएसवर (सेकंदाला किती वाचन-लेखने, त्यावर) बहुधा मर्यादा घातली आहे. बिलिंगवाल्यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट पाहावी, ती म्हणजे एफसिंकला लागणारा वेळ. प्रत्येक पावती डिस्कवर पक्की लिहिली जाईपर्यंत डेटाबेस थांबतो. त्याला १ मिलिसेकंद लागत असेल तर एकापाठोपाठ सेकंदाला हजार पावत्या होतील, १० लागत असतील तर शंभरच. जाहिरातीत एनव्हीएमई (वेगवान डिस्कचा एक प्रकार) लिहिलेले असते, पण ती डिस्क त्याच यंत्रात आहे की नेटवर्कपलीकडे, हे लिहिलेले नसते. ते विचारून घ्यावे.

डिस्क भरण्याची एक फसवी तऱ्हाही आहे. डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा सांगते ४० टक्के जागा शिल्लक आहे आणि सर्व्हर म्हणतो जागा नाही. तेव्हा ‘डीएफ -आय’ पाहावे. पीएचपीच्या सेशनच्या (प्रत्येक भेटीच्या तात्पुरत्या नोंदीच्या) लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या मोजक्या जागा, संपवलेले असतात.

लॉगचा, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदींचा, हिशेबही आधीच धरावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉगची एक ओळ साधारण २५० बाइट. दिवसाला ५ लाख विनंत्या आल्या तर रोज १२५ एमबी, १८० दिवसांचे साडेबावीस जीबी. २५ जीबीच्या डिस्कवर त्यात डेटाबेस कुठे बसवणार? लॉगरोटेट या साधनाने रोज आवळून ठेवले तर हे सहसा दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते.

सर्व्हर कुठल्या शहरात आहे याला सर्वसामान्य ग्राहक फारच कमी महत्त्व देतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इंदूर-मुंबई सहाशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद ही निसर्गाची मर्यादा, प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपट. अमेरिकेला २०० च्या वर. सुरक्षित पान उघडताना पहिले अक्षर येण्याआधी सहसा तीन हेलपाटे होतात, म्हणजे तिकडे ०.६ सेकंद नुसते जाण्यायेण्यात गेले. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, लिनोड आणि व्हल्टरही मुंबईत आहेत, डिजिटलओशन बेंगळुरूत. हेट्झनर ही जर्मन कंपनी स्वस्त आहे, पण भारतात नाही. बॅकअप ठेवायला घ्यावे, काउंटरवरच्या बिलिंगला घेऊ नये. पिंग, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, मात्र एकाच कनेक्शनवरून पाहू नये. जिओ, एअरटेल, बीएसएनएल या तिन्हींवरून रात्री ८ ते ११ मध्ये ‘एमटीआर’ हे वाटेतले टप्पे दाखवणारे साधन चालवावे. एखाद्या कंपनीचा मार्ग भलत्याच शहरातून वळसा घेतो, ते तिथे दिसते.

‘महिना १ टीबी’ हा डेटाच्या ये-जा करण्याचा आकडा मोठा वाटतो, पण महिनाभर सरासरी काढली तर तो सेकंदाला ३ मेगाबिट एवढाच भरतो. ‘अमर्याद’ लिहिलेले असेल तिथे ‘योग्य वापर’ हे कलम शोधावे, ते असतेच. सर्व्हर चालू राहण्याची ९९.९ टक्के हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. त्याहून जास्त बंद राहिले तर भरपाई मिळते ती भाड्याच्या काही हिश्श्याची, बुडालेल्या धंद्याची नाही. सर्व्हरवरून ग्राहकांना मेल पाठवायचे असतील तर पोर्ट २५ (मेल बाहेर जाण्याचे दार) उघडे आहे का, ते खरेदीआधी विचारावे. बऱ्याच ठिकाणी ते बंद असते. मिळालेला आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) नकोशा मेलच्या काळ्या यादीत असेल तर पहिल्याच दिवशी बदलून मागावा.

बॅकअपबद्दल कंपनीचा शब्द पुरेसा नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, आणि ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांचे दोन्ही गेले. स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे, तो बहुधा त्याच कंपनीच्या त्याच खात्यात असतो. रोज रात्री मायएसक्यूएल-डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावून काढावा, दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात पाठवावा. महिन्यातून एकदा तो तासावर घेतलेल्या नव्या सर्व्हरवर उतरवून कालची शेवटची पावती दिसते का ते पाहावे. शून्य बाइटची फाइल वर्षभर इमानाने पाठवणाऱ्या स्क्रिप्ट फार असतात.

पैशांचे शेवटी. तासावर किंवा महिन्यावर भाडे घेणारी कंपनी निवडावी, वरच्या सगळ्या चाचण्या आठवडाभर कराव्यात, मगच वर्षाचा विचार. पहिल्या वर्षाचा दर पाहू नये, नूतनीकरणाचा पाहावा, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयपीव्ही-४ पत्त्याचे वेगळे भाडे धरावे. परदेशी कंपनी असेल तर आणखी एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२१ पासून झाली, तेव्हापासून कार्डावरून आपोआप होणारी वसुली बरेचदा नाकारली जाते. सूचना जाते ती वेबसाइट बनवणाऱ्या, केव्हाच काम सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर. काही दिवसांत सर्व्हर बंद होतो, आणखी काही दिवसांनी पुसला जातो. तेव्हा खाते संस्थेच्या ईमेलवर असावे, त्यात तीन महिन्यांचे भाडे आगाऊ जमा असावे आणि त्याचा पासवर्ड निदान दोघांकडे असावा.

आपले,
भाड्याच्या सर्व्हरांची देखभाल करणारे काही जण
रामबाग, इंदूर