नेल्वाना, स्नोबर्ड आणि आमचा वेतोबा

प्रिय विन्या,

तुझं पार्सल परवा मिळालं. अल्फा फ्लाइटचे, म्हणजे मार्व्हलच्या त्या कॅनेडियन सुपरहिरो टीमचे, एवढे जुने अंक एडमंटनहून इथे आले आणि एकाचाही कोपरा दुमडला नाही, थँक्यू रे, मनापासून. पिशवी फोडल्या फोडल्या आधी सहावा अंक काढला, जानेवारी १९८४चा. टीममधली स्नोबर्ड आणि कोलोमाक राक्षस बर्फाच्या वादळात लढतायत आणि लिहिणाऱ्या-काढणाऱ्या जॉन बर्नने पानंच्या पानं पांढरीच सोडलीत, नुसत्या चौकटी, आत संवाद आणि आवाजाची अक्षरं, बाकी सगळा बर्फ. कॉलेजात तुझ्या खोलीवर हे फोटोकॉपीत बघितलेलं, तेव्हा मला वाटलेलं मशीनची शाई संपली, आठवतंय?

पण तू सोबत जी चिठ्ठी टाकलीयस ना, त्यावर मला सविस्तर लिहायचंय. तू म्हणतोस, हे सगळं काल्पनिकच असतं, उत्तर युरोपातल्या थॉर देवाला पण मार्व्हलने हवा तसा वाकवलाच की, त्यावर कोणी ओरडत नाही, मग आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचे देव बनवले तर एवढं काय. मी दोन दिवस हाच विचार करतोय.

आधी एक कबुली देतो. टुंड्रा, कोलोमाक, रानाक, सोमोन, तानाराक हे अल्फा फ्लाइटमधले सगळे ग्रेट बीस्ट्स खरोखरचे इनुइट राक्षस आहेत असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो, लोकांना सांगितलंय सुद्धा. ते सगळे बर्नच्या डोक्यातून आलेले, जो जन्माने इंग्लंडचा आणि आठव्या वर्षी कॅनडात, तुझ्याच अल्बर्टात आलेला. माणूस ग्रेटच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मग मी खऱ्या गोष्टी शोधून वाचायला लागलो आणि सेडना भेटली. काही भागात तिला नुलियाजुक म्हणतात. समुद्राच्या तळाशी राहणारी ही बाई, बापाने होडीतून ढकललं, ती होडीची कड धरून राहिली तर त्याने तिची बोटं तोडली आणि त्या बोटांचे सील, वॉलरस, देवमासे झाले. माणसांनी नियम मोडले की तिच्या केसांत गुंता होतो, प्राणी अडकून बसतात, शिकार मिळेनाशी होते. मग गावातला अंगाक्कुक, म्हणजे त्यांचा जाणता, तंद्रीत खाली समुद्राच्या तळाशी जातो आणि तिचे केस विंचरून देतो. कारण तिला बोटंच नाहीत रे, ती स्वतः विंचरू शकत नाही! मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसलो होतो. आणि कॉमिकमध्ये काय आलं, तर बर्फाचा आडदांड राक्षस आणि त्याला हाणणारी गोरी, सोनेरी केसांची पोरगी.

आता त्या पोरीचं मूळ बघ. स्नोबर्डची आई नेल्वाना, हे नाव बर्नने जुन्या कॅनेडियन कॉमिकला मान म्हणून घेतलंय, ते आपल्याला माहीतच आहे. ती नेल्वाना आली ऑगस्ट १९४१ला, एड्रियन डिंगलने काढलेली, वंडर वुमनच्याही काही महिने आधी. ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या उत्तर प्रकाशाच्या राजाची, कोलियाकची मुलगी, प्रकाशावर बसून उडणारी. पण नाव कुठून आलं, तर फ्रान्झ जॉन्स्टन नावाचा चित्रकार आर्क्टिकला जाऊन आला होता, त्याने तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईबद्दल सांगितलं, तिचं नाव नेल्वाना. डिंगलने नाव घेतलं, म्हातारीची तरुण देवी केली, आखूड स्कर्ट घातला आणि महायुद्धात लढायला पाठवली. १९९५ला कॅनडाच्या पोस्टाने तिचं तिकीट पण काढलं.

आणि विन्या, त्याच १९४१ साली कॅनडा सरकारने इनुइट लोकांना बिल्ले द्यायला सुरुवात केली. चामड्याचा नाहीतर फायबरचा छोटा गोल बिल्ला, त्यावर नंबर, गळ्यात घालायचा नाहीतर कपड्याला शिवायचा. का, तर यांना आडनाव नसतं आणि यांची नावं साहेबांना लिहिता येत नाहीत, उच्चारता येत नाहीत. आणि त्यांच्याकडे नाव म्हणजे काय असतं, तर गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की त्याचं काहीतरी त्या बाळात येतं, मग घरातले त्या बाळालाच आजी, मामा अशी हाक मारतात. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात आणि मग आई त्याला नावाने हाक मारत नाही, तसंच काहीसं, पण त्याहून खोल. म्हणजे एका म्हातारीचं नाव कॉमिकमध्ये छापलं जातंय आणि तिच्या माणसांना सरकार नंबर वाटतंय, दोन्ही एकाच वर्षी. हे कळल्यापासून मला नेल्वानाचा तो पहिला अंक आधीसारखा बघताच येत नाही.

म्हणून थॉरचं उदाहरण मला पटत नाही. थॉरच्या लोकांवर कोणी नंबर शिवले नव्हते, त्यांची भाषा, राज्य, शाळा सगळं त्यांच्या हातात, थॉर चुकीचा दाखवला तर बरोबर सांगायला शंभर पुस्तकं आहेत. इकडे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूळनिवासी लोकांचा पॉटलॅच हा दानधर्माचा सण कॅनडाने १८८५ ते १९५१ कायद्याने बंद ठेवलेला, सण केला तर तुरुंग. अमेरिकेत मूळनिवासींच्या धर्माला संरक्षण देणारा कायदा आला १९७८ला. आणि थंडरबर्ड नावाचा मूळनिवासी हिरो मार्व्हलच्या एक्स-मेन टीममध्ये आला १९७५ला! म्हणजे पोशाख आणि नाव आधी, पूजेचा हक्क नंतर. तोही अ‍ॅरिझोनाचा, अपाची जमातीचा, आणि नाव कथांमधल्या ज्या पक्ष्याचं, त्याचे मोठमोठे खांब पार वायव्य किनाऱ्यावर कोरलेले. आणि टीममध्ये आल्या आल्या मारला, अंक ९५मध्ये.

तू म्हणशील तुला का एवढं लागतंय. अरे, तू आमच्याकडे कोकणात आरवलीला आलायस, वेतोबाला, म्हणजे आमच्या वेताळाला, वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघितल्यास, आजीने तुला सांगितलेलं की देव रात्री राखणीला फिरतो म्हणून चपला झिजतात. आणि आपण इंद्रजाल कॉमिक्समध्ये फँटम या अमेरिकन हिरोला वेताळ म्हणून वाचत मोठे झालो. मला त्यात कधी काही खटकलं नाही, कारण मला खरा वेतोबा माहीत होता, संध्याकाळी त्याच्यापुढे घातलेलं गाऱ्हाणं कानात होतं. पण समज तिकडच्या मूळनिवासी पोरांसारखं आजीला लहानपणी बोर्डिंगात नेऊन मालवणी बोलली म्हणून मारलं असतं, आणि तिच्या नातवाला वेताळ पहिल्यांदा कळला असता तो फक्त जांभळ्या पोशाखातला, तर?

मनापासून नवीन रचायला माझा काहीच विरोध नाही रे, उलट मला तेच सगळ्यात आवडतं. काहोरी बघ ना, डिसेंबर २०२३ची. मुळात कॉमिकमधली नाही, मार्व्हलच्या अ‍ॅनिमेशनसाठी कोरी करकरीत रचलेली, पण मोहॉक या मूळनिवासी लोकांतल्या इतिहासाच्या आणि भाषेच्या जाणकारांना सोबत घेऊन. जवळजवळ सगळा एपिसोड मोहॉक भाषेत, तळ्यातून ती आकाशलोकात जाते, आणि आकाशलोक त्यांच्या मूळ कथेतला आहे, तिथूनच पहिली बाई पृथ्वीवर पडते. थंडरबर्डला पण परत आणलाय आणि २०२२ला त्याचा विशेष अंक काढला, लिहिणाऱ्यांत नायला रोझ आणि काढायला डेव्हिड कटलर, दोघंही मूळनिवासी वंशाचे. नवा पोशाख बघून मी दोन मिनिटं पान उलटलं नाही.

आणि सगळ्यात भारी म्हणजे सुपर शामू! इनुइट लोकांनीच त्यांच्या स्वतःच्या टीव्हीवर आणलेला, बेकर लेकचा पीटर टापाटाई अंगात केप घालून बर्फावर उडतो, त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत बोलतो. त्याचं कॉमिक पण निघालेलं, त्यात तो नशेसाठी सॉल्व्हंट हुंगणाऱ्या पोरांसाठी धावून येतो. राक्षस वगैरे काही नाही, गावातल्या पोरांची खरी अडचण. ते कॉमिक मला इथून कुठेच सापडत नाहीये. तुझ्याकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारशील का? पैसे मी पाठवतो, पोस्टेजसकट, नाही म्हणू नकोस.

आईने तुझ्यासाठी कोकमं सुकवून ठेवलीत, डिसेंबरात येणार असशील तर आधी कळव, आरवलीला जाऊन येऊ.

तुझा,
बाळू