कौतिकची गोष्ट कोण लिहिणार होतं?

अमरावती, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी आता फक्त आत्मचरित्रं वाचते. कादंबरी म्हणजे शेवटी रचलेलंच सगळं." तेव्हा कुकर लावलेला होता, बोलणं अर्धवट राहिलं. पण ते वाक्य काही मनातून जाईना.

गेल्या दोन महिन्यांत मी तीन पुस्तकं वाचली. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा. या वेळी मी थबकले ती त्यांच्या सोवळ्यापाशी. 1895 साली नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला, संसार मोडला, पुढची जवळपास पाच वर्षं ताटातूट. मग त्या टिळकांकडे आल्या, तरी मनातलं सोवळं लगेच सुटलं नाही. आधी आपला स्वयंपाक वेगळा, आपलं पाणी वेगळं, आणि मग एकेक गाठ स्वतः विचार करून सोडवलेली. 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो तेव्हा. कुणी सांगितलं म्हणून ही बाई बदलली नाही, हे मला फार मोठं वाटतं. आणि एवढं सोसूनही नवऱ्याबद्दल लिहिताना पेनात कडवटपणा नाही.

उर्मिला पवारांचं आत्मचरित्र 'आयदान' पहिल्यांदाच वाचलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपं-टोपल्या. त्यांची आई ती विणून विकायची आणि मुलांना शिकवायची. डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका डोळ्यांपुढून हलत नाहीत. पुढे बाई स्वतः शिकते, लिहू लागते, सभांना जाते आणि ते घरात खुपायला लागतं. हे त्यांनी लपवलं नाही. दलित चळवळीतल्या परिषदांचा भाग मला जरा सैल वाटला, पण आई विणायला बसली की पुस्तक पुन्हा घट्ट होतं.

आता 'धग'. उद्धव शेळक्यांची कादंबरी, 1960 ची. आपल्याच भागातली. मी ती रोज रात्री आजीला मोठ्यानं वाचून दाखवली, कारण तिला आता अक्षरं दिसत नाहीत. कौतिक ही तिची नायिका. तिचा नवरा महादेव शिंपी, पण कामात मन नाही, त्यात पुढे महारोग. ती मात्र मुलाच्या, नामाच्या शाळेसाठी मरमर मरते. संवाद सगळे वऱ्हाडी. माझा उच्चार चुकला की आजी टोकायची. एका रात्री मला थांबवून म्हणाली, "माही मावशी अशीच होती वो. तिचं कोनी काही लिवलं नाही." आणि कुशीवर वळून झोपली. मी बराच वेळ पुस्तक मिटलं नाही. शेवट तुला सांगत नाही. वाचून झाल्यावर दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही.

मुक्ता, लक्ष्मीबाईंना टिळकांनी अक्षरं शिकवली, म्हणून त्यांची गोष्ट उरली. उर्मिलाताई शिकल्या, म्हणून त्यांच्या आईची विणकामाची बोटं आपल्यापर्यंत आली. कौतिकसारखी बाई कुठून आत्मचरित्र लिहिणार? तिच्या हाती ना पाटी, ना तेवढी उसंत. तिच्यासाठी कुणाला तरी कादंबरीच लिहावी लागते. रचलेली असली तरी त्यात खोटं कुठे आहे? आजीला तर त्यात तिची मावशी सापडली.

'धग' मी पिशवीत भरून ठेवली आहे, दिवाळीला आलीस की घेऊन जा. आणि दोन दिवस जास्त काढून ये. आजी त्या मावशीबद्दल आता रोज थोडंथोडं सांगते, दुपारी चहा झाला की. मी वहीत उतरवते आहे, पण ती भरभर बोलते आणि माझा हात पुरत नाही. तू फोनवर रेकॉर्ड करशील का?

तुझी,
आई