पाडव्याच्या संध्याकाळचे तीन फ्री थ्रो

शार्लट्सव्हिल, ९ एप्रिल २०१९

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल रात्रीच फोन करणार होते, पण बोलताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. आमची व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय विजेती झाली! मिनियापोलिसला, टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून. पहिल्यांदाच. ३८ सामन्यांत फक्त ३ हरले.

पण बाबा, तुम्हाला शनिवारची सेमीफायनल सांगायचीय. पाडवा होता. हाफटाइमला, दिवस मावळायच्या आत, गॅलरीतली गुढी उतरवली आणि परत टीव्हीसमोर बसले. शेवटी ऑबर्न ६२-६० पुढे, घड्याळात ०.६ सेकंद, आणि कोपऱ्यातून थ्री (तीन गुणांचा शॉट) मारताना आमच्या काइल गायवर फाउल झाला, म्हणजे एकेका गुणाचे तीन फ्री थ्रो. (त्याआधी आमच्या पोराचं एक डबल ड्रिबल, म्हणजे चेंडू हातात धरून पुन्हा टप्पे देण्याची चूक, रेफरींच्या नजरेतून सुटलं होतं, हेही खरं.) गायनं जर्सीत तोंड खुपसलं. मग पहिला टाकला. गेला. दुसरा गेला, बरोबरी. तेवढ्यात ऑबर्ननं टाइमआउट घेतला, पोराला विचार करत ठेवायला.

मला शाळेमागचं आपलं मातीचं कोर्ट आठवलं. पन्नास बास्केट झाल्याशिवाय जेवायला घरी जायचं नाही, आणि मागे तुम्ही उभे: "हातातून नाही गं, गुडघ्यातून!" तिसऱ्याला सोफ्यावर बसल्या बसल्या माझेच गुडघे वाकले. गेला. ६३-६२.

आई, तुला खेळात रस नाही, तरी एवढं वाच. मागच्या पाडव्याच्या दोनच दिवस आधी हाच संघ, देशात अव्वल मानांकनाचा, पहिल्याच फेरीत बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी युनिव्हर्सिटीकडून ७४-५४ असा हरला होता. पहिलं मानांकन विरुद्ध सोळावं असे १९८५ पासून १३५ सामने झाले होते, आणि पहिलं एकदाही हरलं नव्हतं. देशभर हसू झालं. कोच टोनी बेनेट मात्र लगेच कॅमेऱ्यासमोर आला आणि समोरच्या संघाचं मोकळ्या मनानं कौतुक केलं. गायनं तर त्या रात्रीचा फोटो फोनवर लावून ठेवला. असल्या संथ खेळानं मोठी स्पर्धा जिंकता येत नाही म्हणत होते लोक. बेनेटनं पद्धत सोडली नाही: चेंडूवर एक जण, बाकीचे चौघं आत सरकून रिंगकडची वाट बंद. बाबा, हा बचाव त्याच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, घडवलेला.

आता माझं. मागच्या पाडव्याला व्हिडिओ कॉलवर मी "ऑफिसात सगळं छान" म्हणाले ना, तेव्हा माझी नोकरी जाऊन चार दिवस झाले होते. दीड महिन्यानं दुसरी मिळाली, ती तुम्हाला "बदलली" म्हणून सांगितली. आई, तू विचारलं होतंस, "डोळे का गं सुजलेत?" मी ॲलर्जी म्हणाले. तुझा विश्वास बसला नव्हता, ते दिसलं मला, तरी मी फोन ठेवला. वर्षभर मनात टोचत होतं. शनिवारी तो पोरगा लाइनवर एकटा उभा राहिलेला बघितला आणि ठरवलं, आता सांगून टाकायचं.

मे महिन्यात येतेय. त्याआधी बाबा, तुमच्या गुडघ्याचं डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मला सगळं कळवा. नुसतं "बरं आहे" नको.

तुमची,
मनू