वेंटवर्थ वुडहाउसच्या छपरासाठी आवाहन

दक्षिण यॉर्कशायरमधल्या सर्व मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

रॉदरहॅमजवळचं वेंटवर्थ वुडहाउस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याचा पूर्वेचा दर्शनी भाग 606 फूट लांब आहे आणि आत 300 हून अधिक खोल्या आहेत. या वाड्याच्या छपराच्या देखभालीसाठी आम्ही आपल्याकडे मदत मागत आहोत.

1725 च्या सुमारास थॉमस वॉटसन-वेंटवर्थ यांनी पश्चिमेची विटांची बाजू बांधायला घेतली. ती पुरी होते न होते तोच पूर्वेकडे दुसरा, कितीतरी मोठा वाडा उभा राहू लागला. दोन्ही इमारती पाठीला पाठ लावून असल्याने छपरांचे सांधे आणि आतल्या पन्हळी फार. थॉमस यांचे पुत्र, दुसरे मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम, दोनदा पंतप्रधान झाले. 17 मे 1782 रोजी साल्बाईचा तह झाला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान तेच होते. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारे एडमंड बर्क हे एकेकाळी रॉकिंगहॅम यांचे चिटणीस.

नंतर वाडा फिट्झविल्यम घराण्याकडे गेला. 1946 मध्ये सरकारने कोळशासाठी वाड्याच्या अगदी जवळपर्यंत बाग खणली, तेव्हा खाणकामगारांच्या पुढाऱ्यांनीही विरोध केला होता. 2017 मध्ये वेंटवर्थ वुडहाउस प्रिझर्वेशन ट्रस्टने वाडा 70 लाख पौंडांना घेतला. सरकारने तातडीच्या दुरुस्तीसाठी 76 लाख पौंड दिले, पण एवढं छप्पर एकदा दुरुस्त करून भागत नाही.

अशा वाड्यांच्या पन्हळी शिशाच्या पत्र्याच्या असतात. साडेतीन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 40 किलो भरतो. शिसं उन्हात बरंच प्रसरण पावतं: हिवाळा आणि उन्हाळा मिळून तापमानात 60 अंशांचा फरक पडला, तर तीन मीटरचा तुकडा 5 मिलिमीटरने लांबतो-आखडतो. म्हणून जाडीनुसार दीड ते तीन मीटरचेच तुकडे वापरतात आणि त्यांना हलायला जागा ठेवतात. जुन्या कामात मोठे तुकडे खिळ्यांनी जखडलेले असले, की ते आधी फुगतात, मग चिरतात. दुसरा शत्रू म्हणजे पानं. कठड्यामागची पन्हळ तुंबली की पाणी बाहेर न सांडता आत, तुळयांच्या टोकांवर उतरतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांवर गेली की बुरशीचा धोका सुरू होतो. खालून छत कोरडं दिसत असतानाही तुळई आतून कुजलेली असू शकते, म्हणून पानगळीनंतरची सफाई चुकवून चालत नाही.

देणगी आमच्या खात्यात देऊ नका, थेट ट्रस्टला द्या. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने स्वतःच्या पैशातून दिलेल्या प्रत्येक पौंडावर गिफ्ट एड या सरकारी करसवलत योजनेतून ट्रस्टला आणखी 25 पेन्स मिळतात. दहाजणांची वर्गणी एकाच्या नावाने भरली तर बाकी नऊजणांच्या रकमेवर हा लाभ मागता येत नाही. गिफ्ट एडच्या अर्जात पूर्ण नाव आणि पोस्टकोडसह घरचा पत्ता लिहा. त्या वर्षात तुम्ही भरलेला कर तुमच्या सगळ्या देणग्यांवर गिफ्ट एडमधून मागितल्या जाणाऱ्या रकमेपेक्षा कमी असेल, तर फरक तुमच्याकडून वसूल होतो. तसं असल्यास अर्जातल्या गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करू नका.

वेळ देऊ शकणाऱ्यांनी ट्रस्टकडे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं. छपरावरचं काम प्रशिक्षित कारागीरच करतात. बाग आणि पाहुण्यांना वाडा दाखवणं या कामांसाठी माणसं लागतात.