दहा हजारांचा हट्ट कशाला?

‘रोज दहा हजार पावले’ हे लक्ष्य सर्वांनी मोबाइलमध्ये लावावे, असा सल्ला देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. चालण्याचा आग्रह योग्यच, आकड्याचा नाही. तो वैद्यकातून आलेला नसून १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून आला आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’! वयस्क महिलांवरील २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात सुमारे साडेसात हजार पावलांपुढे मृत्यूचा धोका आणखी घटल्याचे दिसले नाही.

दिवसाला तीन हजार पावले चालणाऱ्याला ॲप रोज ‘लक्ष्य अपूर्ण’ दाखवते आणि पंधरवड्यात तो ते उघडणेच सोडतो. त्यापेक्षा आधी आठवडाभर लक्ष्याविना नुसती मोजणी करावी, सरासरी काढावी आणि तीवर ५०० पावले वाढवावीत. आठवड्यातले पाच दिवस जमले, तरच पुढचे ५००. फोन स्कूटरच्या डिकीत ठेवला, तर खड्ड्यांचे हादरेही पावले म्हणून मोजले जाऊ शकतात (पुण्यात हे लक्ष्य बसल्या बसल्या गाठता येईल). शिवाय पर्वतीची पायरी आणि सारसबागेतली सपाट वाट साध्या मोजणीत सारखीच धरली जाते. म्हणून पावलांबरोबर भरभर चालण्याची मिनिटेही लक्ष्यात घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे सुचवते.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे