टुंड्रातल्या त्या छायाचित्राबद्दल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेच्या उत्तर टोकावरच्या पक्षी छायाचित्रणाला आपण पूर्ण पान दिलंत, याचा मनापासून आनंद झाला. पण पानाच्या मधोमध जे मोठं छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘टुंड्रातलं नृत्य’ अशी जी ओळ आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

छायाचित्रात रिंग्ड प्लव्हर आहे. आपल्याकडे कृष्णेच्या पात्रात वाळूवर तुरुतुरु पळणारा चिखल्या दिसतो, त्याचाच उत्तरेकडचा भाऊबंद. एक पंख जमिनीवर लोळतोय, शेपटी पंख्यासारखी उघडलीय, मान कॅमेऱ्याकडे वळलीय. जवळपास अंडी किंवा पिल्लं असली आणि कुणी अंगावर चालून आलं, की हा पक्षी असं करतो. पंख मोडल्याचं सोंग घेऊन तो कोल्ह्याला आपल्यामागे ओढत नेतो आणि पुरेसा लांब नेला की भुर्रकन उडून जातो. कोल्हा फसतो आणि वाट धरतो. छायाचित्रकार मात्र हलत नाही. पक्षी छान उभा राहतोय असं वाटून तो आणखी दोन पावलं पुढे सरकतो. तेवढा वेळ चार अंडी उघड्या खडीवर पडून असतात. बॅरेंट्स समुद्रावरून येणारं वारं जूनमध्येही हाडं गोठवतं आणि वर कुरव पक्षी घिरट्या घालतच असतात. तिथला उन्हाळा इतका आखूड की एकदा वीण फसली, तर दुसऱ्यांदा अंडी घालून पिल्लं वाढवायला वेळ पुरेलच असं नाही.

मी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवत होतो, आता पुतण्या बघतो. हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली. अक्षता पडताना जो फोटोग्राफर नवरा-नवरीच्या अंगावर जाऊन उभा राहतो, त्याला फोटो मिळतो, पण मांडवातल्या माणसांना लग्न दिसत नाही. लांबची लेन्स वापरून बाजूला उभं राहायचं, हे मी पोरांना हेच सांगून शिकवलं. पक्ष्यांच्या बाबतीत तर बाजूला उभं न राहण्याची किंमत दुसऱ्याच जिवाला मोजावी लागते.

मुलगा नोकरीनिमित्त नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला असतो, म्हणून मला वारांगर, म्हणजे नॉर्वेच्या ईशान्य टोकाचा द्वीपकल्प, बघायला मिळाला. ई-७५ हा महामार्ग ग्रीसमधल्या क्रीट बेटावरून निघतो आणि तिथल्या वार्डो या गावात संपतो. वार्डो आहे बेटावर, इस्तंबूलच्याही पूर्वेला, आणि तिथे जायला समुद्राखालून बोगदा आहे, नॉर्वेतला अशा प्रकारचा पहिला. बंदरातून छोटी बोट हॉर्नओया बेटावर नेते. धक्क्यावर उतरलं की समोर कडा, आणि कड्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी. गिलेमॉट, रेझरबिल, किटीवेक, शॅग असे समुद्रपक्षी, आणि वरच्या गवताळ उतारावर बिळं करून राहणारे पफिन. कानठळ्या बसतात. वासाने डोळ्यांत पाणी येतं.

मला त्या बेटावर सगळ्यात काय आवडलं असेल, तर दोरी. पायवाटेच्या कडेने साधी दोरी बांधलीय आणि तिच्यापलीकडे पाय टाकायचा नाही. याचं कारण तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. गिलेमॉट घरटं बांधत नाही, उघड्या कातळाच्या कडेवर एकच अंडं घालतो. पक्षी दचकून एकदम उठले की अंडी कड्यावरून खाली जातात, राहतील त्यांच्यावर कुरव तुटून पडतात. पफिनचं बीळ मऊ मातीत असतं, वरून माणूस चालला तर आत ढासळतं. दोरीच्या अलीकडे मात्र तासन् तास बसावं, कुणी काही म्हणत नाही. आपण स्थिर बसलो की पफिन आपणहून इतके जवळ येतात की लांबची लेन्स बदलावी लागते. मध्यरात्री सूर्य क्षितिजाला टेकल्यासारखा असतो आणि तिरका सोनेरी उजेड तासन् तास टिकतो. असा उजेड मला आयुष्यात दुसरीकडे मिळालेला नाही.

रस्त्यावरही तेच. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात. म्हणून तिथली जाणती माणसं काच खाली करून, दारावर वाळूची पिशवी ठेवून, बसल्या जागेवरून फोटो घेतात. मुलगा मार्चमध्ये वारांगरमधल्याच बोट्सफ्योर्ड गावी गेला होता. तिथे बंदरात पाण्यावर तरंगणारी लपणकुटी आहे. उजाडण्याआधी आत जाऊन बसायचं आणि मग बाहेर यायचं नाही. किंग आयडर आणि स्टेलर्स आयडर ही बदकं आपापली चरत कुटीच्या अगदी पुढ्यात येतात. माणूस जवळ जात नाही, पक्षी जवळ येतो. आपल्या पानावर या कुटीचा उल्लेखही नाही, हे मला खटकलं. वारांगरला खरं शिकण्यासारखं हेच आहे.

वार्डोहून हामनिंगबर्गकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्हाला एक गट दिसला. बोलण्यावरून आपल्याकडचाच. गाड्या सोडून सगळे खडीवर अर्धवर्तुळ करून उभे होते आणि मधे असाच एक प्लव्हर पंख ओढत फिरत होता. मुलाने जाऊन मराठीतच सांगितलं, की तुमच्या पायाशी अंडी असतील. ती माणसं चटकन मागे आली. एक बाई तर फार अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, आम्हाला कुणी बोललंच नाही. ही माणसं वाईट नाहीत. इतके पैसे खर्चून, इतकी थंडी सोसून पक्षी बघायला जाणारा माणूस पक्ष्यांचा वैरी कसा असेल? त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि जे त्याने आधी छापलेलं पाहिलेलं असतं, ते ‘नृत्य’ असतं.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत चांगला कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणंही येतं. नॉर्वेत रानात कुणीही फिरावं हा हक्क १९५७च्या कायद्याने दिलाय, आणि २००९च्या निसर्गविविधता कायद्याने प्राण्यांना व त्यांच्या घरट्यांना विनाकारण इजा करायला मनाई केलीय.

या पक्ष्यांची अवस्थाही वाचकांना कळायला हवी होती. धोक्यात आलेल्या जीवांच्या नॉर्वेच्या २०२१च्या लाल यादीत गिलेमॉट अतिसंकटग्रस्त आहे, किटीवेक आणि पफिन संकटग्रस्त आहेत. २०२३च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने वारांगरमधल्या वाड्सो गावाच्या आसपास दहा हजारांहून अधिक किटीवेक मेले. जे उरलेत त्यांची एकेक वीण मोलाची आहे.

कुणी म्हणेल, नॉर्वेतल्या पक्ष्यांचं सांगलीला काय? त्याचं उत्तर ब्लूथ्रोट देतो. निळ्या गळ्यावर तांबडा ठिपका असलेला, चिमणीएवढा पक्षी. हिवाळ्यात आपल्या नदीकाठच्या लव्हाळ्यात तो गुपचूप किडे टिपत असतो. वारांगरमधल्या नेसेबी गावाच्या बाजूला ठेंगण्या विलोच्या झुडपावर मी तोच पक्षी घसा फोडून गाताना ऐकला. नॉर्वेतल्या अभ्यासकांनी या पक्ष्यांच्या पाठीवर उजेडाची नोंद ठेवणारी, ग्रॅमभर वजनाच्या आसपासची यंत्रं बसवली होती. उगवती-मावळतीच्या वेळांवरून पक्षी कुठे होता ते निघतं. जन्मभर लाइट मीटर हाताळलेल्या मला याचं फार अप्रूप वाटलं. त्या नोंदींतून निघालं, की हे पक्षी युरोप ओलांडून भारत-पाकिस्तानात हिवाळा काढतात. नेसेबीच्या डबक्यात गिरक्या घेत पोहणारा लाल मानेचा फॅलारोप हा छोटा पाणपक्षीही असाच. स्कँडिनेव्हियातले फॅलारोप अरबी समुद्रात हिवाळा काढतात, हे अशाच यंत्रांनी दाखवलं. म्हणजे तिथे घरट्यावरून उठवलेला पक्षी हा बऱ्याचदा आपलाच पाहुणा असतो.

आणखी एक. त्याच पानाखाली स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांच्या सहलीची जाहिरात आहे, ‘ध्रुवीय अस्वल अगदी जवळून’ अशी. स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहणं सक्तीचं आहे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. संरक्षित भागांत ड्रोन चालत नाही, २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला तिथे प्रवेश नाही, आणि तिथल्या ठरावीक जागा सोडून पर्यटकांना किनाऱ्यावर उतरता येत नाही. ‘अगदी जवळून’ म्हणून पैसे भरणाऱ्या वाचकाला हे आधी कळायला हवं. तिथे गेल्यावर तो हट्ट धरून बसतो, आणि वाटाड्यावर नियम वाकवायचं दडपण येतं.

माझी विनंती अशी. त्या छायाचित्राखालच्या ओळीचा खुलासा त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापावा. यापुढे घरट्यातल्या, अंड्यांवर बसलेल्या किंवा असं पंख मोडल्याचं सोंग घेतलेल्या पक्ष्याचं छायाचित्र आलं, तर ते कितीही देखणं असो, घेऊ नये. आणि इतर छायाचित्रांबरोबर ते किती अंतरावरून, कुठे बसून घेतलं, हे छायाचित्रकाराकडून लिहून घेऊन छापावं. फोटो कुठला छापला जातो, यावरून पुढच्या वेळी माणसं कुठला फोटो काढायला धडपडणार हे ठरतं. हे मी स्टुडिओच्या काचेत लावलेल्या फोटोंवरून वर्षानुवर्षं पाहिलंय. नव्या जोडप्यांना नेमकी तीच पोझ हवी असायची.

वारांगरचा मोसम मार्चच्या सुमारास सुरू होतो. आपल्याकडचे गट दिवाळीच्या सुमारास नावं नोंदवायला लागतात, त्याआधी हा खुलासा छापून आला तर उपयोगाचा.

आपला,
एक जुना वाचक, सांगली
(नाव छापू नये)