डब्याखालचं पत्र

चि. ओंकारस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र कसलं, असं म्हणशील. पण समोर बोलायला लागले की तू "हो गं आई, कळलं" म्हणतोस आणि कानात ते बोंडूक घालतोस. म्हणून हे डब्याखाली.

दांडिया बाजारातल्या आपल्या घरातून तुझं इंजिनिअरिंग कॉलेज, कलाभवन, चालत दहा मिनिटं, याचा सगळ्यांना हेवा वाटतो. मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. लेक्चर सुटलं की तू पंधराव्या मिनिटाला सोफ्यावर. तेव्हा हॉस्टेलची पोरं चहा पीत आजचं गणित एकमेकांना समजावत असतात. जुने पेपर कोणाकडे आहेत, जर्नल कोणते सर बारकाईने तपासतात, हे सगळं त्याच वेळी कळतं. घरून येणारा मुलगा वर्षभर कॉलेजात पाहुण्यासारखा राहतो.

मी तशीच राहिले होते. शाळा मराठी, तिथे शिकलेलं 'त्वरण' अकरावीत गुजरातीतून 'प्रवेग' झालं आणि कॉलेजात 'अ‍ॅक्सिलरेशन'. एकाच वस्तूची तीन नावं! ते एक कसंबसं जुळवलं, बाकीचे शब्द डोक्यावरून गेले. हात वर करायची लाज वाटायची. सगळ्यांना समजतंय, मीच ढ. फिजिक्समध्ये एटीकेटी लागली तेव्हा रडत सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर अर्ध्या तासात सगळं समजावलं आणि विचारलं, "जुलैत का नाही आलीस?"

(तुमच्या कलाभवनाचीच गंमत बघ. सयाजीरावांनी ते 1890 साली काढलं तेव्हा गज्जर मास्तर तिथे गुजरातीतून शिकवत. विद्यापीठ 1949 साली झालं, आणि पुढे सगळं इंग्रजी.)

तू इंग्रजी शाळेतला, तुला शब्दांची अडचण नाही. पण बारावीत पहिल्या पाचांत असणाऱ्या मुलाला "सर, समजलं नाही" म्हणणं जास्त जड जातं, हे मी पाहते आहे. ड्रॉइंगची शीट काल तू दोनदा फाडलीस. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन पाठ करून येत नाही रे. खडूची डबी टेबलावर ठेवून समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते काढ. तरी अडलं तर उद्याच सरांना गाठ, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको.

अजून एक. रात्री वही मिटून कोऱ्या कागदावर आजचं जेवढं आठवेल तेवढं लिहायचं, वीस मिनिटं. रंगीत पेनाने रेघा मारत वाचलं की सगळं आल्यासारखं वाटतं, आलेलं काही नसतं. मी दुसऱ्या वर्षापासून हेच केलं, हंसा मेहता लायब्ररीत खिडकीजवळ बसून.

हजेरीचं मी सांगायला नकोच. नवरात्रात गरब्याला जाऊ नकोस असंही म्हणणार नाही; बडोद्यात राहून तसं कोणती आई म्हणेल? तेवढ्या शीट्स मात्र घटस्थापनेच्या आत संपव.

आणि आजपासून सहाच्या आत घरी यायचं नाही. तुझ्या बाकावरचा तो दाहोदचा मुलगा मेसच्या भाजीला कंटाळलाय म्हणालास ना? डब्यात सहा पोळ्या जास्त आहेत. लोणचं वेगळ्या डबीत आहे, ती डबी परत आण.

तुझी,
आई